कृष्णा-पंचगंगेचा महापूर: २०१९ ला सांगली, २०२१ ला कोल्हापूर, असं का झालं?

घाटमाथा
दर जुलैत इथे दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते "कोयना आधीच का नाही रिकामी केली?", दुसरी म्हणते "अलमट्टी!" (कृष्णेवरचं खालचं, कर्नाटकातलं धरण). भांडण सुरू व्हायच्या आत हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

राजाराम बंधारा, कोल्हापूर (पंचगंगा): २०१९ ला ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच.
आयर्विन पूल, सांगली (कृष्णा): २०१९ ला साडेसत्तावन्न फूट, २०२१ ला ५५ च्या आसपास.

२०२१ ला कोल्हापुरात दोनच वर्षांपूर्वीची पातळी मोडली आणि सांगलीत मात्र पाणी दोन-अडीच फूट खाली राहिलं. खोरं एकच, घाटमाथा एकच. सगळा दोष एकाच धरणाचा असता, मग ते वरचं असो की खालचं, तर दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकले असते.

फरक पडला तो पाऊस कसा पडला यामुळे. २०१९ ला जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत पाऊस उसंत न घेता पडत राहिला. तोवर धरणं भरत आली होती आणि जमीन पाणी पिऊन तट्ट झाली होती. वरून येईल ते खाली सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोठी धरणं कृष्णेच्या बाजूला आहेत, त्यामुळे त्या वर्षी सांगलीची पातळी सगळ्यात जास्त चढली.

२०२१ चा पाऊस वेगळा होता. २२ आणि २३ जुलैला घाटमाथ्यावर अक्षरशः ओतला. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर. पण महिना जुलै, कोयनेत जागा शिल्लक होती, तिने तो लोंढा बराचसा पोटात घेतला. पंचगंगेला अशी कोयना नाही. राधानगरी ८.३६, तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), चारांची बेरीज साडेसतराही भरत नाही. शिवाय या धरणांच्या खाली जो पाऊस पडतो (मुक्त पाणलोट) त्याला अडवणारं काहीच नाही. तो थेट प्रयाग चिखलीला एकत्र येतो आणि कोल्हापुरात शिरतो.

म्हणून "पूर कुणी आणला" या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक पुराला वेगळं निघतं.

बरगा
धाग्याबद्दल आभार. नकाशा डोळ्यासमोर नसेल त्यांच्यासाठी संगमांची क्रमवारी टाकतो, कारण निम्मा खेळ तिथेच आहे.

कृष्णा महाबळेश्वरहून निघते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा मिळते, पुढे उरमोडी, तारळी. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना. नंतर डाव्या हाताने येरळा, ही दुष्काळी भागातून येते. मग सांगली. सांगली ओलांडली की लगेच हरिपूरला वारणा, तिच्यावर चांदोलीचं ३४.४० टीएमसीचं धरण. त्यानंतर नृसिंहवाडीला पंचगंगा आणि सीमेच्या पलीकडे दूधगंगा.

सांगलीची गोची यातच आहे. वरून कृष्णा-कोयना येते आणि शहराच्या बाहेर पडायच्या दारातच वारणा आडवी उभी असते. वारणा फुगलेली असेल तर कृष्णेचं पाणी हरिपूरला तुंबतं आणि फुगवटा मागे आयर्विनपर्यंत येतो. तसंच पंचगंगेचं नृसिंहवाडीला होतं. कृष्णा आधीच काठोकाठ असेल तर पंचगंगेला आत घुसायला वाव मिळत नाही.

त्यामुळे राजाराम बंधाऱ्यावर एखादा फूट वाढला म्हणजे तेवढंच जास्त पाणी वाहतंय असं समजू नका. कधी कधी विसर्ग कमी होत असतो आणि पातळी तरीही चढत असते, कारण पुढे जायला वाट नाही. प्रयागपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगेची लांबी जेमतेम ऐंशी किलोमीटर आणि उतार अगदीच सपाट. घाटावरून धावत आलेलं पाणी इथे येऊन बसकण मारतं.

आयर्विन४५
सगळं मान्य, पण कोयनेला इतक्या सहज सोडू नका. हवामान खात्याचा इशारा आठवडाभर आधी येतो. तेव्हाच वीस टीएमसी रिकामे केले असते तर? जून-जुलैत साठवत बसायचं आणि ऑगस्टमध्ये लाख क्युसेक (म्हणजे सेकंदाला लाख घनफूट) सोडायचे, हे कुठलं नियोजन?

घाटमाथा
@आयर्विन४५, प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन तुकड्यांत द्यावं लागेल.

पहिला तुकडा अंकगणिताचा. कोयनेचं पाणलोट क्षेत्र साधारण ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर ३२ मिलिमीटर पाणी वाहून आलं की १ टीएमसी होतो. पाणलोटात सरासरी ४०० मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला आणि त्यातला ८५ टक्के वाहून आला तर एका दिवसाची आवक पावणेअकरा टीएमसी. आता सोडायची बाजू बघा. १ टीएमसी दिवसभरात सोडायचा म्हणजे ११,५७४ क्युसेक सतत चालू हवेत. वीस टीएमसी चार दिवसांत रिकामे करायचे तर सुमारे ५८ हजार क्युसेक, चार दिवस, रात्रंदिवस. तेही खाली पाऊस चालू असताना. म्हणजे पुरासाठी जागा करता करता आपणच लहानसा पूर आणायचा. तरीही महापूर टळणार असेल तर हे परवडतं, याबद्दल वाद नाही.

दुसरा तुकडा फारसा कुणी बोलत नाही: कोयनेचे सहा वक्र दरवाजे धरणाच्या तळाशी नाहीत, वर सांडव्यावर आहेत. साठा साधारण सत्तर टीएमसीच्या पुढे गेल्याशिवाय पाणी दरवाज्याच्या उंबऱ्यालाच लागत नाही. त्याखाली असताना पूर्वेकडे सोडायला मुख्यतः पायथा वीजगृह, त्याची ताकद २,१०० क्युसेक. हे म्हणजे दिवसाला ०.१८ टीएमसी. तेव्हा "जुलैच्या सुरुवातीला रिकामं करा" हे वाक्य कागदावर चांगलं दिसतं, पण पाणी बाहेर पडायला दारच नसतं.

खरी संधी मिळते ती उंबरा ओलांडल्यापासून धरण भरेपर्यंत. १०५.२५ टीएमसीच्या धरणात तो वरचा तीसेक टीएमसीचा पट्टा. या पट्ट्यात जलाशय परिचलन सूची (कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक) किती काटेकोर पाळली, यावर भांडा. तिथे भांडायला भरपूर वाव आहे. ही धरणं सिंचन आणि विजेसाठी बांधलेली, पुरासाठी राखीव जागा त्यांच्या आराखड्यात नव्हती. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना याच पाण्यावर चालतात. ऑगस्टमध्ये जागा रिकामी ठेवली आणि नंतर पाऊस फिरकलाच नाही तर जत-आटपाडीला फेब्रुवारीत टँकर. निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यावर दोन्हीकडून काठी असते.

सह्यकडा
मग कोयनेचं पुराचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात का सोडत नाहीत? नाहीतरी वीज करून तिकडेच जातं.

बरगा
@सह्यकडा, कारण ते बोगदे टर्बाइनच्या मापाचे आहेत. उंचीफरक पावणेपाचशे मीटर धरून पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चालवले, तर हिशोब तेरा-चौदा हजार क्युसेकच्या आसपास येतो. लाखाच्या लोंढ्यापुढे हे किरकोळच. वर पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिली आहे.

आणि ते पाणी पोफळी, कोळकेवाडी, अलोरे असं करत वाशिष्ठीत उतरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली होती. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना उतरतो हो! कऱ्हाड-सांगलीला पूर येतो त्याच दिवशी महाड-चिपळूणला जागा मोकळी असेल, ही आशा फोल आहे.

खादर
धरणांवर बोलून झालं असेल तर नदीच्या पात्राकडे वळू या. माझ्या मते गेल्या तीसेक वर्षांत सगळ्यात जास्त बिघाड इथे झालाय आणि तो कुठल्याच बुलेटिनमध्ये दिसत नाही.

१) पुलांचे भराव. पूल नदीच्या मूळ पात्रापुरता बांधायचा आणि दोन्ही बाजूंचा खादर (पूरमैदान) मातीचा भराव टाकून बंद करायचा. खर्च वाचतो. पण महापुरात निम्म्याहून जास्त पाणी पात्राबाहेरून, शेतांतून वाहत असतं. ते भरावाला येऊन अडतं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाण्याखाली जाऊन बंद पडला तो याच पट्ट्यात. उपाय म्हणून रस्त्याची उंची वाढवतात. भराव तसाच ठेवून उंची वाढवली तर ते चक्क धरण होतं, रस्ता वाचतो आणि वरची गावं जास्त बुडतात. भराव फोडून तिथे कमानी किंवा खांबांवरचा पूल हवा. पाहणीला गेलात तर एकच गोष्ट बघा: पुराच्या दिवशी भरावाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाण्यात किती इंचांचा फरक आहे. चार-पाच इंच दिसला तरी समजा वाट अडली आहे.

२) कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले असतील तर बंधारा स्वतः फार अडवत नाही, महापुरात तो कित्येक फूट पाण्याखाली असतो. घोळ होतो तो वेगळाच. बरगे दोन ओळींत असतात, मधे मातीचं भरण. मे अखेरीस वळवाने नदी अचानक वाढली आणि बरगे निघायचे राहिले, तर पाण्याच्या दाबाने ते खाचेत आवळले जातात, मग निघत नाहीत. त्यावर जलपर्णी, उसाचे पाचट, ओंडके येऊन बसतात. पाणी वाट काढतं ती बाजूने: बंधाऱ्याच्या टोकाची काळी माती कापत जातं. पूर ओसरल्यावर बंधारा जागेवर आणि नदी शेजारून, असं चित्र त्यामुळेच दिसतं.

३) नाल्यांवरची बांधकामं. सांगलीचा शेरीनाला, कोल्हापूरचा जयंती नाला. नदी फुगली की नाला उलटा वाहतो. सूर्यवंशी प्लॉट किंवा कोल्हापुरात सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली इथे पाणी काठ ओलांडून समोरून येत नाही, मागच्या दाराने येतं. नाल्याच्या तोंडाला दार बसवून हे थांबतं का? अर्धवट. दार बंद केलं की शहरातलं पावसाचं पाणी आत तुंबतं, म्हणून दारासोबत तेवढ्या ताकदीचे पंप लागतात आणि ऐन पुरात वीज गेली तरी चालतील असे लागतात.

४) ऊस. बारा फूट उभा ऊस पाण्याला उघड्या जमिनीच्या दुप्पट-तिप्पट विरोध करतो. यावर बोललं की शिव्या पडतात म्हणून इथेच थांबतो.

आयर्विन४५
+१ भरावांच्या मुद्द्याला. पण गाळ काढायचा मुद्दा का टाळलात? पात्र गाळाने भरलंय हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

खादर
@आयर्विन४५ टाळला नाही, हिशोब करू या. समजा पात्र दीडशे मीटर रुंद आणि महापुरात सतरा मीटर खोल. नुसत्या पात्राचं क्षेत्र २,५५० चौरस मीटर. त्यातून एक मीटर गाळ सरसकट काढला तर दीडशे वाढले, म्हणजे सहा टक्के. त्यात खादरातून वाहणारं पाणी धरलं तर टक्का आणखी घसरतो. आणि हा फायदाही तेव्हाच, जेव्हा खाली उतार आहे. सपाट पट्ट्यात मधलाच तुकडा खोल केला तर तिथे डोह तयार होतो, पुढच्या दोन पावसाळ्यांत परत भरतो.

संगमाजवळ साचलेली बेटं, पुलाखालचे बंद पडलेले गाळे आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा काढण्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. तिथे कमी खर्चात फरक दिसतो. "गाळ" म्हणत काठाची माती आणि वाळू उचलायची, हा निराळा धंदा आहे. त्याने काठ ढासळतात आणि गाळ उलट वाढतो.

नदीकाठ
अलमट्टीवर अजून कुणीच सविस्तर लिहिलं नाही, आश्चर्य आहे. मी लिहितो, दगड मारा.

अलमट्टीची आजची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. सांगली शहर साधारण ५४९ मीटरवर. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. नुसतं स्थिर पाणी धरलं तर ते सांगलीपर्यंत पोचत नाही हे उघड आहे. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीच्या २०२० च्या अहवालानेही अलमट्टीला जबाबदार धरलं नव्हतं. शिवाय कोल्हापुरात १९८९ ला पूर आला तेव्हा अलमट्टीत पाणी अडवायला सुरुवातही झाली नव्हती.

पण इथे थांबणारे लोक एक चूक करतात. वाहत्या नदीचा फुगवटा ताटातल्या पाण्यासारखा सपाट नसतो, तो मागे मागे चढत जातो. खाली जलाशय जितका भरलेला, तितका वरच्या पाण्याचा उतार कमी आणि वेग कमी. मधे हिप्परगीचा बंधारा, त्याचे दरवाजे वेळेत पूर्ण उचलले का हाही प्रश्न. मग पूल, वळणं. प्रत्येकाने थोडं थोडं धरून ठेवलं की ओसरायला जे दोन दिवस लागायचे तिथे पाच लागतात. शिरोळ तालुक्यात चार नद्यांचं पाणी एकत्र येतं, तिथल्या गावांना पूर किती चढला यापेक्षा किती दिवस बसला याने जास्त मारलं.

म्हणून अलमट्टीच्या आजच्या उंचीवरचा वाद वेगळा आणि ५२४.२५६ मीटरचा वेगळा. त्या उंचीला ब्रिजेश कुमार लवादाने २०१० मध्ये परवानगी दिली. ४.६५६ मीटरने पातळी वर गेली तर फुगवट्याचं शेपूट किती मागे सरकेल, हे नदीचे आजचे आडवे छेद मोजून, पूल आणि बंधारे त्यात घालून काढावं लागेल. जुन्या छेदांवर केलेलं गणित दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या तोंडावर मारण्यात अर्थ नाही.

घाटमाथा
@नदीकाठ, दगड नाही, फूल घ्या. एकच भर: पूर चालू असताना अलमट्टीची पातळी नुसती बघू नका, आवक आणि जावक शेजारी लावा. २०१९ ला तिथून पाच लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग गेला होता. जावक आवकेपेक्षा जास्त ठेवून पातळी आधीच खाली आणली असेल तर धरण पूर घ्यायला तयार आहे. जावक आवकेच्या मागे मागे धावत असेल तर दोन राज्यांच्या अभियंत्यांचे फोन उशिरा झालेत असं समजा.

सह्यकडा
आणि ते पुराचं पाणी भीमेकडे, मराठवाड्याकडे वळवायचं? त्यावर बरंच छापून येतं.

बरगा
दुष्काळासाठी चांगली योजना असेलही. पुरासाठी हिशोब असा: आठ मीटर व्यासाचा बोगदा, पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर, म्हणजे १५० घनमीटर, म्हणजे ५,३०० क्युसेक. दिवसाला ०.४६ टीएमसी. आयर्विनखालून लाखांनी क्युसेक जात असताना गेजवर (पातळी मोजायच्या पट्टीवर) याचा फरक इंचांत मोजावा लागेल. असा बोगदा वर्षातले शंभर दिवस चालला तर ४६ टीएमसी नेईल, ते मोठं काम आहे. फक्त त्याला पूरनियंत्रण म्हणून विकू नये.

वाचनमात्र
नेहमी वाचतो, आज विचारतो. पूररेषेत घर घेऊ नये म्हणतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा, बरोबर? मग निळ्या-लालच्या मधे घेतलं तर आयुष्यात एखाद्या वेळीच पाणी येईल ना?

खादर
@वाचनमात्र, "२५ वर्षांतून एकदा" हे फसवं बोलणं आहे. खरा अर्थ: दर वर्षी ४ टक्के शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज धरा. त्या काळात निळी रेषा निदान एकदा ओलांडली जायची शक्यता ७० टक्के. लाल रेषेची २६ टक्के. निळीच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन्ही रेषांच्या मधे अटींवर परवानगी, ती यासाठी. शिवाय या रेषा जुन्या विसर्गांवर आखलेल्या असतात. त्यानंतर खादरात टाकलेला प्रत्येक भराव पाणी वर ढकलतो, रेषा मात्र कागदावर आहे तिथेच राहते.

वाचनमात्र
बापरे. मग पुराच्या दिवसांत रोज नेमके कोणते आकडे बघायचे?

घाटमाथा
या क्रमाने बघा:

सकाळी आधी घाटमाथ्याचा २४ तासांचा पाऊस: नवजा, महाबळेश्वर, गगनबावडा, राधानगरी. सांगली-शिरोळचा पाऊस बघून काही कळत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिथे ऊन पडलेलं असताना पूर येतो.

मग राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे. सात आहेत, प्रत्येकी १,४२८ क्युसेक. ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, कुणी ठरवत नाही. किती उघडे आहेत ते बघा. सातही उघडले की दहा हजार क्युसेक भोगावतीत.

मग राजाराम: ३९ इशारा, ४३ धोका. आयर्विन: ४० इशारा, ४५ धोका. दोन्हींचा शून्य वेगळ्या ठिकाणी आहे, एकमेकांशी तुलना करू नका. पातळीपेक्षा ताशी किती इंच वाढ आहे ते लिहून ठेवा.

शेवटी राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग, महाराष्ट्रातून बाहेर पडणारं पाणी तिथे कळतं. तो वाढतोय आणि आयर्विन स्थिर आहे, म्हणजे खोरं रिकामं व्हायला लागलं.

नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणजे महापूर आला असं मात्र समजू नका. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाज्याने बाहेर पडणं हे बऱ्याच वर्षी, पाणी धोक्यापासून लांब असतानाही होतं.

नदीकाठ
एक पुस्ती. बातम्यांत "५५.७ फूट" छापतात आणि सरकारी तक्त्यात "५५ फूट ७ इंच" असतं. ५५ फूट ७ इंच म्हणजे ५५.५८. फरक दीड इंचाचाच. पण "५५.११" असं काही दिसलं तर ते ५५ फूट ११ इंच असतं, म्हणजे जवळपास ५६! फॉरवर्ड करण्याआधी मूळ तक्ता उघडा.

बरगा
आणि उतरत्या पुरात त्याच फुटाला विसर्ग कमी असतो, चढत्यात जास्त. ४७ फूट चढताना आणि ४७ फूट उतरताना नदी एकसारखी वाहत नसते. त्यामुळे पातळी खाली यायला लागली की लोक दुसऱ्याच दिवशी घर धुवायला जातात आणि पाणी तिथेच रेंगाळलेलं असतं. पंचगंगेवर तर कृष्णा उतरेपर्यंत थांबावंच लागतं.